कॉलेजचे क्वार्टरबॅक आणि एनएफएलचा ड्राफ्ट: तुलना करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिल आला की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर एकच वाद रंगतो: एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टचा, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीचा. शाळकरी पोरं कुठल्यातरी क्वार्टरबॅकवरून हमरीतुमरीवर येतात, आणि क्रिकेटवर वाढलेल्या आईबाबांना कळत नाही, की ज्या मुलानं अजून एकही व्यावसायिक सामना खेळलेला नाही त्याच्यावरून एवढं काय पेटलंय. यातले बरेचसे प्रश्न अशा आईबाबांचे आहेत, तर काही भारतात पहाटे उठून ड्राफ्ट बघणाऱ्यांचे. उत्तरं देताना मी मुख्यतः २०१८ च्या ड्राफ्टमधल्या पाच क्वार्टरबॅककडे बोट दाखवलंय, कारण त्यांच्याबद्दलचे अंदाज आणि पुढे घडलेलं, दोन्ही आता शेजारी ठेवून बघता येतं. जोडीला २०२४ चे सहा जण आहेत.

हा फुटबॉल कोणता, आणि क्वार्टरबॅक नेमकं करतो काय?

हा अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. मैदानात एका बाजूचे अकरा जण असतात आणि चढाई करणाऱ्या संघाच्या जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. चाल सुरू होण्याआधी समोरच्यांनी कशी मांडणी केलीय हे तो वाचतो, गरज पडली तर आपली चाल बदलतो, आणि चेंडू हातात आल्यावर साधारण अडीच-तीन सेकंदांत ठरवतो, की कुणाकडे फेकायचा, स्वतः पळायचं, की सरळ मैदानाबाहेर फेकून द्यायचा. हे सगळं शे-सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येत असताना. क्रिकेटमध्ये असं एकच काम नाही. कर्णधार, यष्टिरक्षक आणि शेवटच्या षटकातला फलंदाज एकाच माणसात कोंबलेत असं समजा.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव का?

नाही. इथे बोली लागत नाही. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि सर्वसाधारणपणे आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड. संघानं नाव घेतलं की तो खेळाडू त्यांचा. मुलाला आवडनिवड नाही. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही.

पैशाचं गणितही ठरलेलं असतं. २०१० साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारानं अशा रकमांना लगाम घातला. तेव्हापासून निवडीच्या क्रमांकानुसार पगार ठरतो, करार चार वर्षांचा असतो आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी राखून ठेवण्याचा हक्क संघाकडे असतो. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक सापडला तर चार-पाच वर्षं तो स्वस्तात खेळतो आणि वाचलेल्या पैशात बाकीचा संघ बांधता येतो.

म्हणूनच संघ एका मुलासाठी एवढं उधळतात?

हो. २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सनं नवव्या क्रमांकावरून पहिल्यावर यायला शिकागो बेअर्सला काय दिलं बघा: त्या वर्षीची ९ वी आणि ६१ वी निवड, २०२४ ची पहिल्या फेरीची निवड, २०२५ ची दुसऱ्या फेरीची निवड, आणि वर डी. जे. मूर हा त्यांचा सर्वांत चांगला रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकचे पास झेलणारा खेळाडू. त्यातून त्यांनी ब्राइस यंगला घेतलं. मग त्या मोसमात पँथर्सनी १७ पैकी फक्त दोन सामने जिंकले, त्यामुळे शिकागोकडे गेलेली २०२४ ची निवड थेट पहिल्या क्रमांकाची ठरली. त्याच निवडीवर शिकागोनं केलेब विल्यम्सला उचललं. ज्या रिसीव्हरच्या जोरावर यंग उभा राहिला असता, तोच त्याला मिळवण्यासाठी देऊन टाकला होता. यंगची दुसऱ्यांशी तुलना करणारे हा भाग हमखास विसरतात.

कॉलेजचे आकडे समोर असताना एवढा खल कशाला? ज्याचे टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण) जास्त तो चांगला, असं का नाही?

आकडे खरे असतात, पण ते एकट्या मुलाचे नसतात. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

२२ ऑक्टोबर २०१६ ला टेक्सस टेक आणि ओक्लाहोमा यांचा सामना झाला. टेक्सस टेकच्या पॅट्रिक महोम्सनं ७३४ यार्डांचे पास दिले, ओक्लाहोमाच्या बेकर मेफिल्डनं ५४५ यार्ड आणि सात टचडाउन. निकाल ६६-५९. क्रिकेटच्या भाषेत ही पाटा खेळपट्टी. त्या काळी हे दोन्ही संघ ज्यात खेळायचे त्या बिग ट्वेल्व्ह या कॉलेजांच्या गटात बचाव इतका ढिला असायचा, की आकडे फुगणारच. रणजीत एखाद्यानं निर्जीव खेळपट्टीवर त्रिशतक ठोकलं, तर आपण लगेच विचारतो ना, गोलंदाज कोण होते? तोच प्रश्न इथेही विचारायचा.

गंमत अशी, की पुढे ते दोघेही उत्तम निघाले. म्हणजे पाटा खेळपट्टीवरचा फलंदाज खोटाच असतो असंही नाही. फक्त त्या धावांवरून ते कळत नाही.

दुसरी गोष्ट आजूबाजूच्या माणसांची. २०२३ च्या मोसमात लुइझियाना स्टेटच्या जेडन डॅनियल्सनं ४० टचडाउन पास दिले, फक्त चार इंटरसेप्शन (समोरच्यांनी मधेच झेललेले पास), वर पळून १,१३४ यार्ड. हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, तीही त्यालाच मिळाली. पण त्याचे पास झेलणारे मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस ज्युनियर हे दोघेही त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेले. उलट मिशिगनच्या जे. जे. मॅकार्थीचे आकडे बेताचे, २२ टचडाउन पास. कारण त्याचा संघ चेंडू घेऊन पळण्यावरच भर द्यायचा. त्या मोसमात पेन स्टेटविरुद्धच्या दुसऱ्या अर्ध्यात मिशिगननं जवळजवळ सगळ्याच चालींत चेंडू पळवला आणि सामना जिंकला. मॅकार्थी क्वार्टरबॅक म्हणून २८ पैकी २७ सामने जिंकला आणि राष्ट्रीय विजेता ठरला. डॅनियल्सचे ४० आणि मॅकार्थीचे २२ शेजारी मांडून कोण मोठा म्हणणं म्हणजे सलामीच्या फलंदाजाची सातव्या क्रमांकावरच्याशी धावसंख्येवर तुलना करणं.

तिसरी गोष्ट प्रशिक्षकाची. लिंकन रायली या एका प्रशिक्षकाच्या हाताखालून मेफिल्ड, कायलर मरी आणि केलेब विल्यम्स असे तीन हाइझमन विजेते आणि पहिल्या क्रमांकाचे तीन क्वार्टरबॅक निघाले. त्याच्या आखणीत रिसीव्हर मोकळे सापडतात. मुलगा किती चांगला आणि आखणी किती चांगली, हे वेगळं काढणं हाच तर निवडकर्त्यांचा धंदा आहे.

पास पूर्ण होण्याचं प्रमाण तरी विश्वासाचं आहे ना?

इतर आकड्यांपेक्षा जास्त, पण डोळे मिटून नाही. ओरेगनच्या बो निक्सनं २०२३ मध्ये ७७.४ टक्के पास पूर्ण करून कॉलेज फुटबॉलचा विक्रम केला. त्यातले बरेच पास आखूड, चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या आसपासचे होते. आखूड पास देणं कमी दर्जाचं नाही. योग्य माणसाला, योग्य क्षणी, पळतापळता हातात पडेल असा चेंडू देणं हेही कौशल्यच. पण त्या आकड्याची तुलना वीस-वीस यार्ड लांब फेकणाऱ्याशी करू नये.

मग जॉश ॲलनचं काय? त्याचं प्रमाण तर फार वाईट होतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यायलाच हवा. वायोमिंगमध्ये ॲलनचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण व्हायचे. बहुतेक आकडेवाल्यांनी सांगितलं होतं, की कॉलेजात नेम नसलेल्याला पुढे नेम येत नाही. बफेलोनं त्याला तरीही सातव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. २०२४ च्या मोसमात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

आकडेवाले मूर्ख होते का? अजिबात नाही. त्यांचा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, आणि ॲलन हा अपवादच आहे. पण अपवाद का घडला ते बघा. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावचा हा मुलगा. शाळा संपली तेव्हा कुठल्याच मोठ्या कॉलेजनं शिष्यवृत्ती दिली नाही. मग रीडली या छोट्या कॉलेजात एक वर्ष, आणि तिथून देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवून वायोमिंग. म्हणजे २०१८ मध्ये तो तयार माल नव्हता. चांगलं शिक्षण त्याला फार थोडं मिळालं होतं. बफेलोनं त्याच्याबाबत धीर धरला. प्रशिक्षक ब्रायन डेबॉल तीन वर्षांहून जास्त टिकले, २०२० मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणला, आणि ॲलननं स्वतः दर उन्हाळ्यात फेक घासून घासून बदलली.

यातून 'नेम नसला तरी चालतो' असा धडा घेऊन नंतर बऱ्याच संघांनी हात पोळून घेतले. मला वाटतं धडा निराळा आहे: मुलाची आजची उंची बघताना तो कुठून चढायला लागला तेही बघावं.

उंची, वजन आणि हाताचा पंजा का मोजतात?

उंची, कारण समोरची माणसं साडेसहा फुटी असतात आणि त्यांच्या डोक्यावरून बघावं लागतं. पंजा मोजतात तो अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, म्हणजे आपली वीत. थंडीपावसात ओला चेंडू धरायला वीत मोठी बरी, असं गृहीतक.

केनी पिकेटची वीत २०२२ मध्ये साडेआठ इंच भरली आणि आठवडाभर दुसरी बातमी नव्हती. जो बरोची ९ इंच होती, तीही लहान म्हणत. सिनसिनाटीनं त्याला २०२० मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि दुसऱ्याच मोसमात तो सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात होता. माझ्या लेखी वीत हा शेवटून दुसरा निकष. अंगकाठी मात्र मी गांभीर्यानं घेतो, कारण १७ सामन्यांत मार खायचा असतो.

कंबाइन, मुलाखती, बुद्धीच्या चाचण्या यांना किती किंमत द्यावी?

कंबाइन म्हणजे इंडियानापोलिसला फेब्रुवारी-मार्चमध्ये होणारी सामूहिक पारख. ४० यार्डांची धाव, उड्या, वैद्यकीय तपासणी, मुलाखती. क्वार्टरबॅकच्या बाबतीत यातली तपासणी आणि मुलाखत महत्त्वाची. उघड्या मैदानावर, अंगावर कुणी येत नसताना चेंडू सुंदर फेकणारे ढिगानं मिळतात.

बुद्धीच्या चाचण्यांबद्दल माझं मत कडक आहे. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक चाचणी वर्षानुवर्षं चालली. २०२२ पासून कंबाइनमधून ती काढली. मग एस-टू नावाची दुसरी चाचणी चर्चेत आली. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडला तीत फार कमी गुण मिळाल्याची बातमी ड्राफ्टच्या तोंडावर फुटली आणि त्या मुलाच्या अकलेची जाहीर चिरफाड झाली. ह्यूस्टननं त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच मोसमात ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन, फक्त पाच इंटरसेप्शन, आणि नवोदित खेळाडूचा पुरस्कार. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाचा खासगी निकाल असा चव्हाट्यावर आणणं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

लमार जॅक्सन एवढा चांगला होता, तर पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी का गेला?

२०१८ चा क्रम असा: मेफिल्ड पहिला, सॅम डार्नल्ड तिसरा, ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा, आणि जॅक्सन बत्तिसावा. २०१६ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हाइझमन जिंकलेला, पुढच्या मोसमात ३,६६० यार्ड पास आणि पळून १,६०१ यार्ड अशी कामगिरी केलेला मुलगा पाचवा क्वार्टरबॅक ठरला. नामांकित माजी व्यवस्थापक बिल पोलियन यांनी तर त्यानं रिसीव्हर व्हावं असं जाहीरपणे म्हटलं होतं. बॉल्टिमोरनंही आधी पंचविसाव्या क्रमांकावर दुसराच खेळाडू घेतला आणि मग अदलाबदल करून जॅक्सनला उचललं. २०१९ मध्ये तो एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ मध्ये पुन्हा.

याला जुना इतिहास आहे आणि तो टाळून तुलना पुरी होत नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला 'तू जागा बदल' असं सांगण्याची या खेळात दीर्घ परंपरा होती. वॉरन मून १९७८ मध्ये रोझ बोल या कॉलेजच्या मानाच्या सामन्याचा मानकरी खेळाडू असूनही ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून ओळीनं पाच विजेतेपदं जिंकला, मग परत येऊन एनएफएल गाजवली आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. परिस्थिती बदलली: फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये महोम्स आणि जेलन हर्ट्स असे दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक पहिल्यांदाच कृष्णवर्णीय होते. तरी वर्णनं वाचताना कान टवकारा. एकाला 'उपजत ताकदीचा' आणि दुसऱ्याला 'अभ्यासू, नेतृत्वगुणी' म्हटलं असेल, तर दोघांच्या सामन्यांचं चित्रण स्वतः बघा.

किती सामने खेळलेला असावा? वय जास्त असेल तर वाईट का?

मिचेल ट्रुबिस्की कॉलेजात १३ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि २०१७ मध्ये दुसरा निवडला गेला. महोम्स त्याच वर्षी दहावा. अँथनी रिचर्डसनही १३ सामन्यांवर २०२३ मध्ये चौथा. दुसऱ्या टोकाला बो निक्स, ६१ सामने. मी जास्त सामन्यांच्या बाजूनं आहे, कारण क्वार्टरबॅकला चुकत चुकत शिकायला वेळ लागतो आणि त्या चुका कॉलेजात झालेल्या बऱ्या.

वयाचं म्हणाल, तर २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात आणि कॉलेज बदलणंही सोपं झालंय, त्यामुळे तेविशी-चोविशीतले क्वार्टरबॅक आता नवलाचे नाहीत. डॅनियल्स, निक्स, मायकेल पेनिक्स, तिघांनीही कॉलेज बदललं. चोविशीतल्याची विशीतल्याशी तुलना करताना मोठ्याला एकोणीस-विशीत काय जमत होतं, ते जुने सामने काढून बघावं.

चुकीचा संघ मिळाला तर चांगला मुलगा वाया जातो का?

जातो. मला हे ठामपणे म्हणायचंय.

रोझन २०१८ मध्ये अनेकांच्या मते सर्वांत तयार क्वार्टरबॅक होता. टेक्सस ए अँड एमविरुद्ध ३४ गुणांनी मागे असताना त्यानं यूसीएलएला ४५-४४ नं जिंकून दिलं होतं. ॲरिझोनात त्याच्या पहिल्या मोसमातच चढाईचे प्रशिक्षक हटवले, मोसम संपताच मुख्य प्रशिक्षक गेले, आणि नव्यांनी २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर कायलर मरीला घेऊन रोझनला मायामीला धाडलं. त्यानंतर तो कुठेच रुजला नाही. तो महान झाला असता असं मी म्हणत नाही. पण त्याला बघितलं कधी होतं?

डार्नल्डचं उदाहरण याच्या पुढचं. न्यूयॉर्क जेट्समध्ये तीन वर्षं, मग कॅरोलायना. सगळ्यांनी त्याच्या नावावर काट मारली. २०२४ मध्ये मिनेसोटात त्यानं १४ सामने जिंकले आणि ३५ टचडाउन पास दिले. मेफिल्डही क्लीव्हलँडनं सोडल्यावर टँपात उभा राहिला, २०२४ मध्ये ४१ टचडाउन. मिनेसोटात आणि टँपात त्यांना चांगले रिसीव्हर मिळाले आणि त्यांच्या खेळाला शोभेल अशी आखणी मिळाली. म्हणून ड्राफ्टआधीच्या याद्यांत 'क्रमांक एक, क्रमांक दोन' असं लिहिलेलं बघितलं, की मला त्यांच्यापुढे रिकामी जागा दिसते: कुठे? कुणाच्या हाताखाली?

२०२४ च्या सहा जणांत तुम्ही काय बघितलं असतं?

पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक: विल्यम्स, डॅनियल्स, ड्रेक मे, पेनिक्स, मॅकार्थी, निक्स. हे पूर्वी कधी घडलं नव्हतं. विल्यम्समध्ये चाल मोडल्यावर काहीतरी घडवण्याची ताकद होती, आणि तीच काळजीही. पहिल्या वर्षी त्याला ६८ वेळा सॅक केलं, म्हणजे पास देण्याआधीच पाडलं; त्यात त्याचं रक्षण करणारी दुबळी ऑफेन्सिव्ह लाइन आणि चेंडू धरून ठेवण्याची त्याची सवय दोन्ही आले. डॅनियल्सची अंगकाठी बघून मी धास्तावलो असतो, आणि मी चुकलो असतो: पहिल्याच मोसमात १२ विजय आणि नवोदिताचा पुरस्कार. इंडियानात असताना पेनिक्सचे चार मोसम दुखापतींनी अर्धवट संपले होते. तो परत उभा राहून वॉशिंग्टनला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला, हे कुठल्याच तक्त्यात मावत नाही. निक्सला डेन्व्हरमध्ये शॉन पेटन भेटले, झटपट आखूड पासांवर विश्वास असलेले प्रशिक्षक. जोडी जमली आणि संघ पहिल्याच वर्षी प्लेऑफमध्ये गेला.

घरी बसून स्वतः तुलना करायची तर कशी?

झलकफिती (हायलाइट्स) बघू नका, त्यांत सगळेच देव असतात. प्रत्येकाचे तीन पूर्ण सामने बघा: सर्वांत चांगल्या बचावाविरुद्धचा, त्यानं हरलेला, आणि थंडीवाऱ्यातला. चेंडूमागे डोळे धावू देऊ नका; फेकण्याआधीचे त्याचे पाय बघा. अंगावर कुणी आला की पाय नाचतात की स्थिर राहतात? नजर पहिल्या रिसीव्हरवरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर जाते का? दहा यार्ड पुढे जायला चारच चाली मिळतात; त्यातल्या तिसऱ्या चालीला अजून आठ यार्ड हवे असतील तेव्हा काय करतो? इंटरसेप्शननंतरच्या पुढच्या चालीत काय करतो? हे कागदावर लिहून काढा, टचडाउन मोजू नका. तीन सामन्यांनंतर तुमचं स्वतःचं मत तयार झालेलं असेल.

भारतातून ड्राफ्ट कधी बघायचा?

एप्रिलच्या अखेरीस, तीन दिवस. पहिली फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री आठला सुरू होते, म्हणजे भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाच. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचारला. उरलेल्या चार फेऱ्या शनिवारी रात्री साडेनऊपासून, आणि शेवटचं नाव येईतो तुमच्याकडे रविवारची पहाट. तेव्हा बहुतेकांनी बघणं सोडलेलं असतं. पण टॉम ब्रेडी २००० साली १९९ वा निवडला गेला होता, आणि २०२२ मध्ये शेवटचं, २६२ वं नाव वाचलं गेलं ते ब्रॉक पर्डीचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोल खेळत होता.